पारू कितव्या नंबरला?

एखाद्या गायक मंडळीची ‘सर्वोत्कृष्ट गाणी’ असा संग्रह बाजारात आला, की ती गाणी कुणीतरी कान देऊन ऐकून निवडली असतील, असं आपल्याला उगाचच वाटतं. निवडणारा बहुधा गाणारा नसतो, वाजवणारा नसतो, पुष्कळदा ऐकणाराही नसतो. कुठल्या गाण्याचे हक्क आपल्याकडे उरलेत, आणि मंडळी आपल्याला सोडून दुसऱ्या कंपनीकडे गेली असतील तर त्यांची जुनी शिल्लक अजून एकदा कशी विकता येईल, एवढं पाहून तो यादी करतो. ‘सर्वोत्कृष्ट’ हे विशेषण कव्हर छापायला जायच्या आदल्या दिवशी ठरतं.

हे मी ठामपणे सांगू शकतो, कारण मी पोकोचा चाहता आहे.

पोकोचा चाहता म्हटलं की आमच्या घणसोलीत लोक मोबाइलचं मॉडेल विचारतात. एका गृहस्थांनी बॅटरी किती टिकते तेही विचारलं. पोको हा १९६८ साली लॉस एंजेलिसमध्ये निघालेला बँड आहे आणि बंद पडत, चालू होत त्याची बॅटरी पन्नास वर्षं टिकली, असं मी त्यांना सांगितलं. त्यावर ते म्हणाले, “मग आमचाच खराब निघाला.”

पोकोचा प्रकार कंट्री-रॉक. अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतली फिडल, बँजो आणि स्टील गिटारवरची गाणी घ्यायची, त्यांना विजेची गिटार आणि ड्रम जोडायचे आणि शहरातल्या केस वाढवलेल्या पोरांना ऐकवायची. खेड्यातल्यांना वाटायचं, ही पोरं वाया गेलेली आहेत. शहरातल्यांना वाटायचं, ही पोरं खेडवळ आहेत. हे असलं गाणं सुरुवातीला करणाऱ्यांत पोको होता आणि फार चांगलं करत होता. रिची फ्युरेचा गळा, जिम मेसिनाची गिटार, आणि रस्टी यंग तर आडवी ठेवून वाजवायची पेडल स्टील गिटार अशी काही वाजवायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, कुठंतरी ऑर्गन वाजतोय. पण नशीब म्हणून जी काही वस्तू असते ती या मंडळींच्या वाटपाच्या वेळी संपलेली होती.

नावापासूनच सुरुवात. आधी ते ‘पोगो’ होते. पोगो हे वॉल्ट केली या व्यंगचित्रकाराच्या गाजलेल्या चित्रमालिकेतलं पात्र. त्यांनी हरकत घेतली, म्हणून एक अक्षर बदलून ‘पोको’ झाले. आता पोगो म्हणून शोधलं तर लहान मुलांचा चॅनल लागतो आणि पोको म्हणून शोधलं तर फोन विकायला येतो. लपून बसायची इतकी पक्की व्यवस्था फरार गुन्हेगारालाही जमत नाही.

मग १९६९ साली पहिली तबकडी बाहेर पडायच्या आतच बास वाजवणारा रँडी माइसनर भांडून गेला. शेवटचं ध्वनिमिश्रण करताना त्याला खोलीत घेतलं नाही, हे कारण. कव्हरवरचं पाचही जणांचं चित्र तयार होतं. त्यातल्या एकाला काढायचा कसा? तर माइसनर जिथं होता तिथं एक कुत्रा रंगवला. हे नवी मुंबईतल्या फ्लेक्सवाल्यांनाही अजून सुचलेलं नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या फ्लेक्सवरचा कार्यकर्ता पक्ष सोडून गेला की आमच्याकडे त्याच्या तोंडावर दुसऱ्याचं तोंड चिकटवतात. पण ते माणसाचंच असतं. तेवढी सभ्यता पाळतात.

हा माइसनर पुढे ईगल्स या बँडच्या पहिल्या चौघांतला एक झाला. त्याच्या जागी पोकोने टिमथी श्मिट नावाचा पोरगा घेतला, घडवला. १९७७ साली माइसनरने ईगल्सही सोडलं. आता ईगल्सने त्याच्या जागी कुणाला घ्यावं? टिमथी श्मिटला. पोकोने माणूस तयार करायचा आणि ईगल्सने पगार वाढवून उचलायचा. महापे-ऐरोलीच्या आयटी कंपन्यांत बसणाऱ्यांना हा भाग समजावून सांगावा लागत नाही. पोकोच्या मनुष्यबळ खात्याबद्दल त्यांना लगेच सहानुभूती वाटते.

आणि आता मुख्य मुद्दा. १९७५ साली पोकोने एपिक ही जुनी कंपनी सोडून एबीसीशी घरोबा केला. त्याच वर्षी एपिकने ‘द व्हेरी बेस्ट ऑफ पोको’ असा दोन तबकड्यांचा भरगच्च संग्रह काढला. पोकोचं जे जे म्हणून अत्युत्तम, ते सगळं यात आलं, असं जाहीर झालं. त्यानंतर १९७८ साली पोकोची ‘लेजंड’ ही तबकडी आली आणि तिच्यातलं ‘क्रेझी लव्ह’ हे गाणं १९७९ मध्ये अमेरिकेच्या यादीत सतराव्या क्रमांकापर्यंत चढलं. तेच त्यांचं सगळ्यांत गाजलेलं गाणं. ते लिहिलं आणि गायलं रस्टी यंगने, म्हणजे इतकी वर्षं ज्याच्याकडे सगळे फक्त वाजवणारा म्हणून पाहत होते त्याने. निकाल लागून पेढे वाटून झाल्यावर मुलगा परीक्षेला बसला आणि पहिला आला.

तरी ‘व्हेरी बेस्ट’ हा संग्रह वाईट नाही. उलट फार चांगला आहे. हिट गाणं हाताशी नसल्यामुळे निवडणाऱ्याला नाइलाजाने चांगली गाणी घ्यावी लागली. माझ्या मते उत्तम संग्रह निघायची ही सगळ्यांत खात्रीची पद्धत आहे.

ईगल्सची गोष्ट याच्या उलट्या टोकाची. त्यांचा ‘देअर ग्रेटेस्ट हिट्स’ आला फेब्रुवारी १९७६ मध्ये. अमेरिकेत ‘प्लॅटिनम’ हा किताब नव्याने सुरू झाला, तो सर्वांत आधी मिळाला याच संग्रहाला. २०१८ साली त्याच्या नावावर ३ कोटी ८० लाखांची नोंद झाली, त्यात ऑनलाइन ऐकणंही धरलेलं आहे. आता वाशीच्या दुकानातून पहिली गिटार घेऊन आलेलं नवी मुंबईतलं कुठलंही पोरगं महिन्याभरात जे गाणं वाजवायला लागतं आणि वर्षभर तेच वाजवतं, ते ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ या संग्रहात नाही. कारण त्या नावाची तबकडीच मुळी १९७६ च्या डिसेंबरात आली. उलट ‘डेस्परॅडो’ त्यात आहे, जे कधी सुटं गाणं म्हणून बाजारात आलंच नव्हतं, म्हणजे ते हिट होणं शक्यच नव्हतं. जगातल्या सर्वाधिक खपाच्या संग्रहांपैकी एक, आणि आत हिट नसलेलं गाणं हजर, सगळ्यांत मोठं हिट गैरहजर. तरी लोक घेत राहिले. यादी चुकली तरी ईगल्स खपले आणि यादी जमली तरी पोको राहिले.

हे सगळं घणसोलीत कशासाठी सांगायचं? तर आमच्या शेजारीच, खाडीपलीकडे, एक पोको आहे. फरक एवढाच की त्यांची गाणी सगळ्यांना पाठ आहेत आणि नाव कुणाला ठाऊक नाही.

वेसाव्याच्या कोळीवाड्यातली वेसावकर आणि मंडळी. आता त्या वेसाव्याला लोक वर्सोवा म्हणतात आणि तिथल्या फ्लॅटच्या किमती ऐकून गप्प बसतात. काशीराम चिंचय आणि त्यांच्या साथीदारांनी नव्वदच्या दशकात कॅसेटींवर जी कोळीगीतं आणली, त्यांनी महाराष्ट्राच्या कंबरेला जे वळण लावलं ते अजून सरळ झालेलं नाही. ‘वेसावची पारू’ माहीत नसलेला माणूस मला तरी भेटलेला नाही. गणपती विसर्जनाला, आयटी कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमाला, पंजाबी शेजाऱ्यांच्या बारशाला, कुठंही ती लागली की जो कधी उभाही राहत नाही तो दोन्ही हात वर करून वल्हं मारायला लागतो. पण हे कोण गातंय म्हणून विचारा. “कोळीगीत आहे,” असं उत्तर येतं. जणू दर्यानेच लिहिलं, दर्यानेच चाल लावली आणि ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर टाकून गेला.

इंटरनेटवर याच गाण्यांचे ‘नॉनस्टॉप’ संग्रह आहेत, त्यांत तर कहरच आहे. गाणाऱ्याचं नाव कुठंच नाही, लिहिणाऱ्याचं तर नाहीच नाही, आणि ज्याने ती गाणी एकाला एक डकवली त्या डीजेचं नाव मात्र दर अर्ध्या मिनिटाला, पोरीच्या आवाजात, घुमवून घुमवून. पारू बिचारी एकदा लाजते, डीजे दहादा येतो.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरीकाका या गाण्यांना कोळीगीत मानायला तयार नाहीत. त्यांच्या लेखी कोळीगीत म्हणजे ‘मी डोलकर’, बाकी सगळा धांगडधिंगा. मी त्यांना एकदा जमवून सांगितलं. ते गाणं लिहिलं शान्ता शेळके यांनी, जन्म इंदापूर, पुणे जिल्हा. गायलं लता मंगेशकर यांनी, जन्म इंदूर. सोबत हेमंतकुमार, घरचे बंगाली, जन्म काशी. इंदापूर, इंदूर आणि काशी यांच्यामधून जाळं टाकलं तर एक बोंबील मिळायचा नाही. चाल हृदयनाथांची, आणि गाणं असं की अंगावर खारा वारा यावा. काका म्हणाले, “म्हणजे तुम्हाला ते आवडत नाही?” आवडतं हो, जीव जातो माझा त्या गाण्यावर. लॉस एंजेलिसच्या क्लबात बसून गुराख्यांची गाणी करणाऱ्या पोकोवर ज्याचा जीव आहे, तो इंदापूरच्या दर्याला नाव कशाला ठेवील? मुद्दा इतकाच, की इंदापूरहून आलेलं कोळीगीत ‘भावगीत’ म्हणून कपाटात बसलं, आणि खुद्द कोळीवाड्यातून आलेलं मांडवाबाहेर स्पीकरवर उभं राहिलं. विठ्ठल उमपांसारखा शाहीर दोन्हीकडे ऐकला जायचा, पण असे थोडे.

तर, गावठाणातला साउंडवाला पोरगा माझ्याकडे पेन ड्राइव्ह घेऊन आला. सिडकोने १९७० पासून इथल्या आगरी-कोळ्यांची भातशेती आणि मिठागरं घेऊन सेक्टर आखले. नकाशावर गावठाणाभोवती रेघ मारता आली, आवाजाभोवती मारता आली नाही. त्यामुळे आम्ही सेक्टरवाले गावातल्या प्रत्येक हळदीला बसल्याजागी हजर असतो. सेक्टरवाले व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तक्रार करतात आणि हात मात्र टेबलावर ठेका धरतात. मी तक्रार करत नाही आणि माझ्या घरी तबकड्यांची भिंत आहे, एवढ्यावर गावात माझी जाणकार म्हणून ख्याती झालेली आहे.

“काका, ताईची हल्दी हाय शुक्रवारी. वेसावकरांची टॉप ट्वेंटी काढलीय. आयकून सांगा, बरोबर लागलीय का नाय.”

मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी ग्रेटेस्ट हिट्स तपासायला देत होतं. एपिकने १९७५ साली विचारायला हवं होतं, पण असो. मी चष्मा लावला.

वीस गाण्यांत पारू तीनदा होती. एकदा मूळ, एकदा ‘ढोल मिक्स’ आणि एकदा भलत्याच कुणाच्या आवाजात. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, “वीस भरत नव्हती.” मग अठरा कर. “टॉप एटीन कुनी करतं का?” हा मुद्दा बिनतोड होता. कुठल्याच कंपनीने टॉप एटीन काढलेलं नाही. आकडा आधी ठरतो आणि गाणी मागून येतात. चाहत्याला हे कळतं पण तो बोलत नाही, कारण त्यालाही शेवटच्या दोन गाण्यांतून कधीतरी एखादं रत्न मिळालेलं असतं.

भलत्याच आवाजातली पारू मात्र मी जागच्या जागी बाद केली. जुन्या संग्रहांतला हा सर्वांत मोठा दगा. कव्हरवर मूळ मंडळींचा फोटो, आत दुसरेच गायक, आणि ‘नव्या ध्वनिमुद्रणात’ हे वाक्य इतक्या बारीक टायपात, की तेवढ्या टायपात विमा कंपन्याही लिहीत नाहीत. पोरगा म्हणाला, “पन बेस भारी हाय त्याचा.” मी म्हटलं, बेस आहे, पारू नाही. हे त्याला पटलं नसावं, पण काका रागावले एवढं दिसलं, म्हणून काढली.

खरी चर्चा पुढे झाली. त्याच्या यादीत एकही संथ गाणं नव्हतं. वेसावकरांची म्हणून लोक फक्त नाचायची गाणी घेतात. पण कोळीगीतात नाच हा एक कोपरा आहे. त्यात वादळात अडकलेल्या होडीची वाट बघणं आहे, कार्ल्याच्या एकवीरा आईला घातलेलं साकडं आहे, नारळी पुनवेला दर्या शांत हो म्हणून केलेली विनवणी आहे. या मंडळींचं थोरपण नाचवण्यात आहे असं म्हणणारा, पोकोला ‘क्रेझी लव्ह’वाले म्हणून ओळखणाऱ्याच्याच पंगतीत बसतो. मी दोन संथ गाणी सुचवली.

“हल्दीत रडाचं कशाला, काका?”

यावर उत्तर मी दिलं नाही. दारात त्याची आजी उभी होती, ती नातवाला बोलवायला आली होती. आजी गावातली जुनी धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात पूर्वी भटजी असो-नसो, धवलारीण हवीच. एकेक विधी व्हायचा तो तिच्या धवल्याच्या तालावर. हळद दळताना वेगळं गाणं, लावताना वेगळं, नवरदेव मांडवात येताना वेगळं. शेकडो ओळी, कागदावर एक नाही, सगळं तोंडी. ती म्हणाली, “हल्दीतच रडतात रं. पोरीच्या आईस रडवली नाय तर मी धवलारीन कसली?”

मी तिला विचारलं, की आजी, धवल्यांमधलं सगळ्यांत भारी कुठलं? एकच सांगायचं तर?

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीत काहीतरी टाकलंय. “भारी न हलकं आसं नसतं. ज्या टायमाचा जो धवला, तो त्या टायमाला. मंगलाष्टकाचा हल्दीला म्हनला तर लगीन व्हईल का?”

ग्रेटेस्ट हिट्स या कल्पनेवर इतकी नेमकी टीका मी कुठल्याही इंग्रजी संगीत मासिकात वाचलेली नाही. आपण गाण्याला त्याच्या वेळेवरून उचलतो, दुसऱ्या उचललेल्या गाण्यांशेजारी बसवतो आणि मग म्हणतो, बघा किती एकसुरी आहेत.

ही अडचण मोठ्या बँडनाही येते. आमच्या नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर १५ डिसेंबर २०१९ ला यू-टू आले होते. त्यांनी ‘द जोशुआ ट्री’ ही १९८७ सालची तबकडी पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्याच क्रमाने वाजवली. धवलारणीला पटेल असा बेत. पंचाईत अशी की त्या तबकडीतली तीन सर्वांत गाजलेली गाणी पहिलीच तीन आहेत. चौथ्या गाण्यापासून कुणाकुणाचे मोबाइल हळूहळू खाली आले, पाचव्याला स्वच्छतागृहाकडे जाणारी रांग दिसायला लागली, आणि ज्यांनी मूळ तबकडीची दुसरी बाजू घासून घासून ऐकली होती असे माझ्यासारखे चारदोन पांढऱ्या केसांचे तेवढे जास्तच भारावून बघत उभे. २०२५ च्या जानेवारीत कोल्डप्ले तिथंच तीन रात्री वाजवून गेले. ते हुशार. त्यांनी हिट गाणी कार्यक्रमभर पेरून ठेवली, त्यामुळे रांग कधी लागायची हेच कुणाला कळलं नाही.

पेरणीचाच प्रश्न आता पोरासमोर होता. पारू कितव्या नंबरला?

पूर्वी हा प्रश्न वस्तूच सोडवायची. लांब तबकडीच्या एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं मावतात. साठ मिनिटांच्या कॅसेटीला बाजूला तीस. हिट गाणं पहिल्या बाजूला पहिलं, नाहीतर दुसऱ्या बाजूला पहिलं, म्हणजे रिवाइंड करायचे कष्ट नकोत. कॅसेटच्या जमान्यात बाजू उलटायला उठावं लागायचं, आणि जो उठला तो दुसऱ्या बाजूचंही ऐकायचा. सीडीवर सव्वा तास आला आणि निवड सैल पडली. पेन ड्राइव्हवर तर ‘५०० सुपरहिट’ असतात. पाचशे सुपरहिट म्हणजे काहीच न निवडणं. सगळ्या गावाला पहिला नंबर. माझा काळा घोड्याचा र्‍हिदम हाउस २०१६ साली बंद झाला तेव्हा दुकान गेल्याचं दुःख झालंच, पण तिथं काउंटरपलीकडे एक माणूस असायचा जो म्हणायचा, “हा संग्रह नको, तो घ्या.” तो नकार गेला, त्याची जागा कुठल्याही अ‍ॅपने भरलेली नाही. अ‍ॅप कधी ‘नको’ म्हणत नाही.

नवी मुंबईत मात्र एक संपादक अजून शिल्लक आहे. रात्रीचे दहा.

ध्वनिप्रदूषणाचा नियम २००० सालचा. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सरकार वर्षाकाठी पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकतं, पण ती सणांना, ताईच्या हळदीला नाही. म्हणजे मांडवातला डीजे हा जगातला असा एकमेव संकलक आहे, की ज्याच्या संग्रहाची लांबी पोलीस ठरवतात. हळद लागते आठला, पाहुणे येतात साडेआठला, नाचायला उठतात नऊला. उरला एक तास. त्या तासात जे लागलं ते सर्वोत्कृष्ट, बाकी सगळं पेन ड्राइव्हवरचं ओझं.

पारू पहिलीच लावली तर बायका अजून साड्या नीट करतात, पुरुष अजून गाडी लावायला जागा शोधतात. पारू वाया. शेवटी ठेवली आणि पोलिसांची गाडी नऊ पन्नासला आली तर पारू वाजलीच नाही, आणि त्या साउंडवाल्याला पुढच्या सीझनला गावात कोण बोलावणार? मधोमध ठेवली तर लगेच “अजून एकदा” होणार, आणि अजून एकदा म्हणजे चारदा. मी म्हटलं, मूळ पारू नऊ वीसला, ढोलवाली नऊ चाळीसला. मध्ये संथ गाणं, आईने हळद लावायच्या वेळी. आणि त्याआधी बँजो पार्टीला दहा मिनिटं दे. आपल्या बँजोचा आणि अमेरिकेतल्या बँजोचा सुतराम संबंध नाही. तो गोल, कातडं ताणलेला. आपला म्हणजे टंकलेखन यंत्रासारख्या कळा असलेली पेटी, मूळ जपानच्या ताइशोगोतोची नात. पण भर मांडवात, हातात हात घालून उभ्या पोरांमध्ये तो जेव्हा उसळतो, तेव्हा रस्टी यंग ऐकायला बसला असता एवढं नक्की.

हळद ठरल्याप्रमाणे झाली नाही. बँजोवाल्यांनी दहाची पंचवीस मिनिटं केली, कारण नवऱ्या मुलीच्या मामांनी त्यांच्यावर नोटा ओवाळायला सुरुवात केली आणि नोटा संपेपर्यंत बँजो थांबत नसतो. संथ गाणं लागलं तेव्हा मुलीची आई खरंच रडली. आजी माझ्याकडे बघून मान हलवत होती, पण कौतुक माझं नव्हतं, तिचं स्वतःचं होतं. ढोलवाली पारू नऊ अठ्ठावन्नला लागली. नऊ एकोणसाठला बीट मार्शल मोटारसायकलवरून उतरले. साहेबांनी हेल्मेट काढलं, घड्याळात पाहिलं, आणि गाण्याचं एक कडवं पुरं व्हायची वाट बघितली. याहून सुजाण समीक्षा मला पाहायला मिळालेली नाही. वीसच्या यादीतली नऊ गाणी वाजली. ती नऊ फार चांगली होती.

दहानंतर जेवणं. स्पीकर बंद, एका छोट्या ब्लूटूथवर हळू आवाजात पोरगा काहीतरी लावत होता. काकांना खूश करावं म्हणून त्याने माझ्याच पेन ड्राइव्हवरचा पोको लावला. ‘द व्हेरी बेस्ट’. वड्यांबरोबर मटणाचा रस्सा खाताना पेडल स्टील फार बरी लागते, हे नोंदवून ठेवतो.

मामा शेजारी बसलेले. त्यांनी तीन गाणी मन लावून ऐकली. मग विचारलं, “गातात बरं. ह्यांची पारू कवा येते?”

मी म्हटलं, “यात नाही येत मामा. बँड निघाल्यावर यांची पारू अकरा वर्षांनी आली.”

मामांनी वडा खाली ठेवला. “आकरा वर्षं? मंग तवर ही मंडळी जेवली काय?”